'द क्रिएटर': चित्र नाद खुळा, पण कथेचं काय? (सांगलीत दाखवायचा बेत आहे)

कृष्णाकाठ
सांगलीत महिन्याच्या शेवटच्या रविवारी एक विज्ञानपट आणि नंतर तासभर चर्चा, असा बेत आहे. यादीत पहिला 'द क्रिएटर' (२०२३, दिग्दर्शक गॅरेथ एडवर्ड्स). भातखाचरांवर तरंगणारी यानं, कवटीला आरपार भोक असलेले रोबो भिक्खू, आभाळ व्यापून टाकणारं ते नोमॅड (अमेरिकन फौजेचं अवाढव्य उडतं शस्त्र)... एकेक फ्रेम थांबवून बघावी अशी. आणि १३३ मिनिटांनी दिवे लागले की हाताला काही लागत नाही.

दोन प्रश्न. एक, हा चित्रपट नेमका कुठे घसरतो? "कथा कमजोर" एवढं म्हणून सोडू नका, जागा दाखवा. दुसरा व्यवहाराचा: १२ फुटी पडदा, ३००० ल्युमेनचा एलसीडी प्रोजेक्टर, दोन स्पीकर. एवढ्यात चित्राला न्याय मिळेल का? शेवट फोडलात तरी चालेल.

कंदी_पेढा
रुमाल टाकून ठेवतो.

भडंग_मसाला
अख्खी अमेरिकन फौज एका 'निर्माता' नावाच्या माणसाला शोधत फिरते. मराठी चित्रपटात हे काम कलाकार मानधनासाठी करतात. :ड

अजिंक्यतारा
आधी जमेची बाजू नीट मांडू या, म्हणजे घसरण कळेल.

खर्च ८ कोटी डॉलर. असं चित्र नेहमीच्या पद्धतीने काढायला त्याच्या दुप्पट-तिप्पट लागतात. छायाचित्रण सोनी एफएक्स३ वर. बॉडी पाऊण किलोच्या आत, बाजारात आली तेव्हा किंमत ३,९०० डॉलर. लग्नाचे व्हिडिओ काढणारेही तोच कॅमेरा वापरतात. छायाचित्रकार दोन, ग्रेग फ्रेझर आणि ओरेन सॉफर.

हा कॅमेरा घेण्यामागे किंमत हे मुख्य कारण नव्हतं. त्याच्या सेन्सरला दोन मूळ आयएसओ (प्रकाश टिपण्याची क्षमता) आहेत, लॉग या चित्रणप्रकारात ८०० आणि १२,८००. दुसऱ्यावर गेलं की रात्रीच्या दृश्यांना जनरेटर आणि क्रेनवरचे मोठे दिवे लागत नाहीत. माइकच्या बूमसारख्या काठीला एलईडी लावायचा आणि एकाने नटाच्या मागेमागे चालायचं. दिवे नाहीत म्हणजे ट्रक नाहीत, ट्रक नाहीत म्हणजे रस्ता नसलेल्या गावातही जाता येतं. म्हणून थायलंड, नेपाळ, कंबोडिया, व्हिएतनाम, इंडोनेशिया, जपान अशा खऱ्या जागा दिसतात.

भिंग कोवाचं जुनं ७५ मिमी ॲनामॉर्फिक. ते चित्र आडवं दुप्पट पिळून घेतं. १६:९ चा सेन्सर, म्हणजे १.७८ गुणिले २, ३.५६ रुंदीचं चित्र. ते कापून २.७६:१ केलं. हे ७० मिमीच्या काळातल्या अल्ट्रा पॅनाव्हिजनचं प्रमाण, आणि पडद्यावर जो भव्यपणा जाणवतो त्यातला बराचसा त्याचाच.

रोटोवाला
अजिंक्यतारा यांनी कॅमेऱ्याचं सांगितलं, खरी उलटापालट पुढच्या टप्प्यात आहे. एरवी आधी चित्रं काढतात, मग सेट, मग हिरवा पडदा, मग चित्रीकरण. इथे आधी खऱ्या जागी चित्रीकरण, मग संकलन, आणि कापून तयार झालेल्या फ्रेमवर आयएलएम या दृश्य परिणामांच्या कंपनीच्या चित्रकारांनी इमारती, यानं, यंत्रं चढवली. गर्दीतला कोण रोबो आणि कोण माणूस हेही बऱ्याच ठिकाणी नंतर ठरलं. ठिपके लावलेले घट्ट कपडे घालून कुणी फिरत नव्हतं.

याने दोन गोष्टी साधतात. वापरात न येणाऱ्या शॉटवर पैसा जात नाही. आणि उजेड खरा राहतो, कारण मूळ चित्रातल्या ७०-८० टक्के गोष्टी खऱ्याच असतात. डोळा फसतो तो यामुळेच.

संहिता_सांगलीकर
रोटोवाला यांच्या प्रतिसादातच पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. कोण रोबो हे नंतर ठरवता आलं, कारण रोबो असल्याने कथेत काहीच फरक पडत नव्हता.

जागा मागितल्यात, घ्या:

पहिली. मेलेल्या माणसाच्या मेंदूतले शेवटचे काही क्षण काढून सिम्युलंटमध्ये (माणसासारख्या दिसणाऱ्या रोबोत) घालता येतात, हे चित्रपट स्वतः दाखवतो. सैनिक ते चौकशीसाठी वापरतात. शेवटी नायकाच्या पत्नीचा, मायाचा निरोपही त्याच युक्तीवर उभा आहे. मग या जगात मरण म्हणजे काय? कुणाची प्रत ठेवली जाते? ठेवत नसतील तर का नाही? मूल गमावलेली आई याचं काय करेल? एकही प्रश्न नाही. यंत्र दोनदा लागलं तेव्हा कपाटातून काढलं आणि परत ठेवून दिलं.

दुसरी. लॉस एंजेलिसवरचा अणुस्फोट, ज्याचा दोष यंत्रांवर आहे. सगळं युद्ध त्यावर उभं. मध्येच हारून (केन वातानाबे) सांगतो की ती माणसांनीच केलेली कोडमधली चूक होती. कथेतली सर्वांत मोठी बातमी, एका वाक्यात! नायकाचे आईवडील आणि भाऊ त्या स्फोटात गेलेले आहेत, त्याचा हात-पाय गेलाय. तो हे ऐकतो आणि पुढच्या दृश्यात जसा होता तसाच.

तिसरी. समुद्रकिनाऱ्यावरची पत्नी. तीच उन्हाची तिरीप, तेच हसू, पुन्हा पुन्हा. मायाला काय खायला आवडतं, कशाचा राग येतो, काही कळत नाही. तिच्यासाठी नायक जग पालथं घालतो आणि आपण घड्याळ बघतो.

औंधकर
असहमत. ही विज्ञानकथा नाहीच, लोककथा आहे. दमलेला सैनिक आणि दिव्य मूल एवढीच गोष्ट. लोककथेत "राक्षसाचा जीव पोपटात कसा काय?" असं कुणी विचारत नाही. आल्फीचं, म्हणजे त्या रोबो मुलाचं, काम करणारी मुलगी (मॅडलीन युना व्हॉइल्स) हात जोडते आणि यंत्रं बंद पडतात. नमस्कार हेच शस्त्र, ही कल्पना कुठल्याही तर्कापेक्षा मोठी आहे. तुम्ही लोक कीर्तनात बसून ताळेबंद मागताय.

संहिता_सांगलीकर
@औंधकर, पोपटाचंच घ्या. राक्षसाचा जीव पोपटात, हा नियम एकदा सांगितला की शेवटपर्यंत पाळतात. पोपटाची मान मुरगळली आणि राक्षस तरीही जिवंत, असं कुठली आजी सांगत नाही. आल्फीची शक्ती किती लांबवर चालते? कधी रणगाडा थांबतो, कधी समोरची बंदूक नाही. लोककथेचा निकष लावला तरी चित्रपट नापास.

भडंग_मसाला
पोपट झाला म्हणायचा.

यवतेश्वर_घाट
नोमॅडचा हिशोब कुणीच केला नाही, करून टाकतो.

नावातच 'ऑर्बिटल' आहे, म्हणजे ते कक्षेत हवं. पडद्यावर ते आभाळात किती मोठं दिसतं? हात ताठ लांब करून मधली तीन बोटं धरा, ती साधारण ५ अंश झाकतात. कमीत कमी तेवढं धरू, चंद्राच्या दहापट.

४०० किमी उंचीवर ५ अंश दिसायला लांबी ३५ किमी हवी. सातारा ते वाई रस्त्याने जेवढं, साधारण तेवढं. शिवाय त्या उंचीवर वेग सेकंदाला ७.७ किमी, ९० मिनिटांत पृथ्वीला फेरी. या क्षितिजावरून त्या क्षितिजावर जायला दहाएक मिनिटं. गावावर ठाण मांडून बसणं शक्य नाही.

एका जागी थांबायचं तर ३५,७८६ किमीवरची भूस्थिर कक्षा, तीही फक्त विषुववृत्तावर. तिथून ५ अंश दिसायला लांबी ३,१०० किमी. काश्मीर ते कन्याकुमारी.

तिसरा पर्याय, १०० किमीवर इंजिनाच्या जोरावर नुसतं तरंगायचं. लांबी ८-९ किमीवर येते, पण मग ते कक्षेत नाही. पूर्ण वजनाइतका जोर खाली अखंड लावावा लागेल आणि इंधन संपलं की थेट जमिनीवर.

आणि नोमॅडचा तो जमीन चाचपणारा निळा झोत! एक, पोकळीत झोत बाजूने दिसत नाही. खाली हवेतल्या धुळीत, दमटपणात दिसेल, तेवढं सोडून देऊ. दोन, दृश्य प्रकाशाने शोधणं म्हणजे पोलिसांनी धाड टाकायच्या आधी हलगी वाजवत येणं. अवरक्त किरणांनी किंवा रडारने तेच काम गुपचूप होतं.

औंधकर
हिशोब मान्य. पण तो झोत नसता तर पोस्टर कशाचं छापलं असतं?

यवतेश्वर_घाट
@औंधकर, तेच तर. झोत पोस्टरसाठी आहे. एक ओळ पुरली असती, "त्यांना आपण पळालेलंच हवंय, पळणारा दिसतो, लपलेला दिसत नाही." मग निळा झोत हे खरंच भीतीचं हत्यार झालं असतं. नियम वाकडा चालतो, पण असायला हवा.

नाट्यपंढरी
सांगलीत दाखवताय म्हणून एक आठवण करून देतो. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' इथेच केलं, चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने. त्यातही नजरबंदीच होती की. राक्षसांचे मुखवटे, आरडाओरडा, देवादिकांची सोंगं. गाणं सूत्रधाराचं आणि पात्रांची बोलणी बरीचशी आयत्या वेळची. आजच्या अर्थाने बांधलेली संहिता नव्हतीच.

तरी ते चाललं, कारण कथा प्रेक्षकाच्या डोक्यात आधीपासून होती. धनुष्य कुणाचं, ते का उचलायचं, उचललं तर काय, हे कुणाला सांगावं लागत नव्हतं. मंचावर नुसतं धनुष्य आलं तरी पुरे. विज्ञानपटाला ही सोय नाही. नोमॅड म्हणजे काय, ते कुणाला घाबरतं, कशाने मरतं, हे प्रेक्षकाच्या आजीने सांगितलेलं नसतं. 'क्रिएटर' पौराणिक नाटकासारखा वागतो, जणू न्यू एशियाचं (चित्रपटात रोबोंना आसरा देणाऱ्या प्रदेशाचं) पुराण आपण लहानपणीच ऐकलंय. औंधकरांना लोककथा वाटली ती यामुळे असावी.

कृष्णाकाठ
@नाट्यपंढरी, चर्चेची सुरुवात यानेच करतो. परवानगी गृहीत धरतोय.

कंदी_पेढा
अवांतर: खरा दडलेला निर्माता आपल्याकडे होऊन गेला. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांनी 'नारायण विनायक जगताप' या नावाने कथा पाठवली. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मजकूरही दुसऱ्याच्या हातून लिहून घेतला. पहिलं बक्षीस मिळालं. नोमॅड नसतानाही सापडले.

रोटोवाला
अवांतराला जोडून एक तुलना. त्या वर्षी 'क्रिएटर'ला ऑस्करची दोन नामांकनं होती, ध्वनी आणि दृश्य परिणाम. दृश्य परिणामांचं बक्षीस 'गॉडझिला मायनस वन'ने नेलं. खर्च दीड कोटी डॉलरपेक्षा कमी, ३५ जणांचा चमू, ६१० शॉट. तिथलं पाणी आणि राक्षस आयएलएमपेक्षा सरस आहेत असं नाही. पण राक्षस येतो तेव्हा नायकाची जुनी चूक येते. त्यामुळे प्रत्येक शॉटला वजन येतं. इथे रणगाडा आला की आपण रणगाड्याचे पट्टे बघतो, आतला जळका रंग किती छान चढवलाय ते बघतो आणि संपलं.

धंदाही तसाच. जगभरात सुमारे १०.४ कोटी डॉलर गल्ला. त्यातला निम्म्याच्या आसपास थिएटरवाले ठेवतात, जाहिरात वेगळी. ८ कोटींवर हा तोटाच.

माहुली_संगम
हीच पद्धत आपल्याकडे लघुपटासाठी वापरता येईल का? चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा आहेतच, त्यांच्यामागे एक मोठं यान उभं करायचं. संगणकावर ब्लेंडर हे त्रिमिती चित्रांचं सॉफ्टवेअर.

रोटोवाला
@माहुली_संगम, जागा उत्तम, पण 'मागे' हा शब्द बदला. यान पवनचक्कीच्या मागे ठेवलं की फिरणारं पातं प्रत्येक फ्रेममध्ये कापून पुढे आणावं लागतं. पात्याची कड वेगामुळे धूसर होते, तिथे अर्धं पातं आणि अर्धं आभाळ मिसळलेलं असतं. दहा सेकंद म्हणजे २५० फ्रेम, गुणिले तीन पाती, गुणिले चक्क्यांची संख्या. महिना जाईल. यान पुढे घ्या, किंवा चक्क्या फ्रेमच्या एका बाजूला आणि यान दुसऱ्या बाजूला.

कॅमेरा हलणार असेल तर ट्रॅकिंगसाठी (कॅमेऱ्याची हालचाल ओळखायला) ब्लेंडरला किमान ८ ठळक ठिपके एकाच वेळी दिसत राहायला हवेत. १५-२० ठेवा. गवताचे शेंडे घेऊ नका, पठारावर वारा थांबत नाही, ठिपके सरकतात आणि यान दारू प्यायल्यासारखं डुलतं. जमिनीतले दगड, चक्कीच्या खांबाचा बुंधा, तारांच्या कुंपणाचे खांब घ्या. सपाट पठारावर सगळे ठिपके लांबच पडतात, मग खोली कळत नाही. म्हणून ३ मीटरच्या आत चार-पाच दगड मुद्दाम मांडा.

प्रत्येक शॉटला वहीत लिहायचं: भिंगाचं फोकल लेंथ, कॅमेऱ्याची उंची, कलता कोन, वेळ, ऊन कुठून. शॉट संपला की त्याच जागी एक चकचकीत स्टीलचा गोळा आणि एक राखाडी रंगवलेला चेंडू धरून पाच सेकंद घ्या. उजेड जुळवायला पुढे तेच उपयोगी पडतात.

अजिंक्यतारा
भर: २५ फ्रेमवर शटर १/५०. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झ, गावातल्या ट्यूबलाइटखाली १/६० ठेवलंत तर चित्र लपलपतं. दुपारी १/५० ला सगळं पांढरं फटक होतं, तिथे शटर वाढवू नका, एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळपट काच) लावा. शटर वाढवलं की पाती तुकड्या-तुकड्यांनी फिरताना दिसतात. परवानगी आधी घ्या, ड्रोनची वेगळी. पावसाळ्यात धुकं फुकट मिळतं, पण अर्ध्या तासात उतरतं आणि पुढचा शॉट आधीच्याशी जुळत नाही.

संहिता_सांगलीकर
@माहुली_संगम, यान तिथे का उतरलं हे मात्र चित्रीकरणाच्या आधी ठरवा. ते ब्लेंडरमध्ये चढवता येत नाही.

भडंग_मसाला
वीजबिल बघून चक्क्या न्यायला आलंय.

माहुली_संगम
@भडंग_मसाला, घेतली ही कल्पना.

आयर्विन_पूल
कृष्णाकाठ यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळलंच नाही.

१२ फूट रुंद १६:९ पडद्याची उंची पावणेसात फूट. २.७६ चं चित्र त्यात फक्त ४ फूट ४ इंच उंच बसतं. वर-खाली प्रत्येकी सव्वा फुटाच्या आसपास काळी पट्टी, म्हणजे पडद्याचा ३५-३६ टक्के भाग वाया. घरच्या ५५ इंची टीव्हीवरही तीच गत, ६८ सेंमी उंचीपैकी ४४ वापरात.

उजेडाची चिंता नको. ३००० ल्युमेन ८१ चौरस फुटांवर पडले की कागदावर ३७ फूट-लॅम्बर्ट (पडद्याच्या उजळपणाचं माप) होतात, थिएटरचा दंडक १४ चा आहे. दिवा जुना असेल, इकॉनॉमी मोडवर असेल, तरी निभावेल. खरी अडचण काळ्या रंगाची. एलसीडी प्रोजेक्टरचा काळा म्हणजे राखाडी. पट्ट्या राखाडी दिसल्या की रात्रीची दृश्यं धुरकट वाटतात. उपाय स्वस्त आहे, वर-खाली काळं वेल्वेट ताणून लावा. गणपतीच्या आराशीचं उरलेलं चालेल. सॅटिन नको, ते चमकतं. खिडक्यांना दुहेरी पडदे, चुना मारलेलं छत असेल तर पहिल्या सहा फुटांत काळा कागद.

आता मेख. या चित्रपटात आशियाई भाषांतले संवाद बरेच आहेत आणि त्यांचे सबटायटल काही प्रतींत खालच्या काळ्या पट्टीत येतात. वेल्वेट लावलंत की अर्धा संवाद कापडावर! आदल्या दिवशी तपासा. तसं असेल तर प्लेअरमधून सबटायटल वर सरकवा, नाहीतर चित्रच थोडं वर घेऊन खालची पट्टी मोकळी ठेवा.

दोन स्पीकर असतील तर ५.१ चा (सहा वाहिन्यांचा) ट्रॅक लावू नका. मधल्या वाहिनीतले संवाद दोन्हीकडे वाटले जातात आणि हान्स झिमरच्या संगीताखाली बुडतात. स्टिरिओ ट्रॅक निवडा. नसेल तर प्लेअरमधला नाइट मोड, त्याने मोठा आवाज दबतो आणि बोलणं वर येतं. आणि हो, ओटीटीचं सदस्यत्व घरगुती असतं. हॉलमध्ये दाखवायला हक्कधारकाची परवानगी लागते, तिकीट लावा अगर न लावा.

कृष्णाकाठ
@आयर्विन_पूल, सबटायटलचं डोक्यातच आलं नव्हतं. परवानगीचा अर्ज आधी टाकतो, बाकी नंतर. चर्चेत संहिता यांच्या तीन जागा आणि नोमॅडचा हिशोब फळ्यावर मांडू. औंधकर, विरुद्ध बाजू तुम्ही घ्याल का? सगळेच नाही म्हणाले तर तासभर काय करायचं?

औंधकर
घेतो. पण माझी अट, पहिली वीस मिनिटं कुणी मध्ये बोलायचं नाही. तेवढ्यापुरता तरी हा चित्रपट माझ्या बाजूने आहे.

संहिता_सांगलीकर
वीस मिनिटं मान्य. किनाऱ्यावरची आठवण तिसऱ्यांदा आली की मात्र बोलणार.

यवतेश्वर_घाट
फळ्याला दोरा आणि खडू लागेल. पृथ्वी १ फुटाची काढली तर भूस्थिर कक्षा जमिनीपासून २ फूट १० इंचांवर येते. ४०० किमीची कक्षा काढायला मात्र खडू बारीक घ्या, ती पृथ्वीला चिकटूनच दिसते, एक सेंटीमीटरच्या आतच, ९-१० मिलिमीटर. आणि फळा ३ फुटांचा असेल तर पृथ्वी ४ इंचांचीच काढा, नाहीतर मावायचं नाही.

आयर्विन_पूल
वेल्वेट किती लागेल ते राहिलं: १२ फूट लांब, दीड फूट रुंद, दोन तुकडे. शिवणीला जागा धरून साडेचार मीटर घ्या, पन्हा ४४ इंची असेल तर एकाच लांबीतून दोन्ही पट्ट्या निघतात.

भडंग_मसाला
भडंग माझ्याकडे. कागदी पुड्यांत नको म्हणाल, संवाद ऐकू यायचे नाहीत. वाट्या आणतो.